मतस्वातंत्र्य आणि निषेधाचा हक्क



वसंत ऋतूत संध्याकाळच्या गारव्याला बसून व्याख्याने ऐकावीत, ही चाल न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी पुण्याला लावून दिली. १८७५ च्या मे महिन्यात पुण्याची वसंत व्याख्यानमाला सुरू झाली. तिला आता दीडशे वर्षे होऊन गेली, आणि तिच्या शाखा-उपशाखा सिंहगडाच्या वाटेवरच्या धायरीपर्यंत येऊन पोहोचल्या. लोकांनी एकत्र जमावे, एकाने बोलावे, बाकीच्यांनी ऐकावे, पटले तर मान डोलवावी आणि न पटले तर दुसऱ्या दिवशी उभे राहून खोडून काढावे, एवढीच काय ती या प्रथेमागची कल्पना. कल्पना साधी खरी. पण ती चालू राहण्यासाठी किती माणसांना न्यायालयाच्या पायऱ्या चढाव्या लागल्या आणि कितीजणांना तुरुंगाच्या पायऱ्या उतराव्या लागल्या, याचा हिशेब आपण फारसा ठेवत नाही. आज तो हिशेब मांडावा, असा माझा विचार आहे.

विषय दोन दिसतात, परंतु वास्तविक तो एकच आहे. ज्याच्या हाती वर्तमानपत्राचा रकाना आहे किंवा ज्याला व्यासपीठावर बोलावणे येते, तो शब्दाने बोलतो. ज्याच्यापाशी यांतले काहीच नाही, त्याला रस्त्यावर उभे राहून बोलावे लागते. रिकामा हंडा डोक्यावर घेऊन कचेरीसमोर उभी राहणारी बाई व्याख्यानच देत असते. फक्त तिच्या व्याख्यानाला शब्द कमी लागतात. म्हणून आपल्या राज्यघटनेच्या एकोणिसाव्या अनुच्छेदात भाषणस्वातंत्र्य आणि शांततेने, विनाशस्त्र एकत्र जमण्याचे स्वातंत्र्य अशी दोन कलमे एकाखाली एक, सख्ख्या बहिणींसारखी ठेवलेली आहेत.

प्रथम शब्दाकडे वळू. हिंदुस्थानात राजद्रोहाचे कलम १८७० साली दंडसंहितेत घातले गेले. त्याचा खरा अर्थ काय, हे ठरले ते मात्र एका पुणेकराच्या खटल्यात. १८९७ साली प्लेगच्या दिवसांत ‘केसरी’तील लिखाणाबद्दल लोकमान्य टिळकांवर मुंबईत खटला झाला. न्यायमूर्ती स्ट्रॅची यांनी ज्यूरीला समजावून सांगितले की, सरकारविषयी अप्रीती म्हणजे प्रीतीचा अभाव! नऊ ज्यूरर होते. सहा युरोपियनांनी टिळकांना दोषी ठरवले, तिघा हिंदी ज्यूररांनी निर्दोष म्हटले, आणि टिळकांना अठरा महिने सक्तमजुरी झाली. विचार करा, प्रीतीचा अभाव हा जर गुन्हा असेल, तर कर भरताना कपाळाला आठी घालणारा प्रत्येक गृहस्थ गुन्हेगार ठरेल. सरकारवर प्रेम करणे ही कायद्याने सक्तीची गोष्ट झाली, की नागरिक संपला आणि फक्त प्रजा उरली.

१९०८ साली पुन्हा ‘केसरी’तील लेखांवरून खटला झाला आणि टिळक सहा वर्षांकरिता मंडालेला गेले. शिक्षेच्या निषेधार्थ मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा दिवस संप केला. ही कथा आपल्याला शाळेपासून ठाऊक आहे, म्हणून मी तीवर रेंगाळत नाही. टिळकांवरच्या तिसऱ्या खटल्याची आठवण मात्र फार थोड्यांना असते, आणि आजच्या विषयाला तोच सर्वांत जवळचा आहे. कारण तो लेखाबद्दल नव्हता. तो व्याख्यानांबद्दल होता, मराठीत दिलेल्या व्याख्यानांबद्दल, आणि तो टिळकांनी जिंकला.

मंडालेहून सुटून आल्यावर टिळकांनी १९१६ च्या मे महिन्यात बेळगावला आणि त्या महिन्याच्या अखेरीस व जूनच्या आरंभी अहमदनगरला होमरूलवर भाषणे केली. त्यांत मुख्य मुद्दा असा की, बादशहा नको असे आम्ही म्हणत नाही. देव तोच राहू द्या, मधले पुजारी बदला. सरकारने ही भाषणे राजद्रोही ठरवून टिळकांकडून जामीन मागितला. वीस हजारांचा जातमुचलका आणि दहा-दहा हजारांचे दोन जामीन, वर्षभर चांगल्या वर्तणुकीसाठी! ही नोटीस टिळकांना मिळाली तो दिवस २३ जुलै १९१६, म्हणजे त्यांच्या साठीचा वाढदिवस. त्याच सुमारास लोकांनी त्यांना एक लाख रुपयांची थैली अर्पण केली. सरकारचा आहेर एक आणि लोकांचा आहेर एक. पुण्याच्या जिल्हा मॅजिस्ट्रेटने जामिनाचा हुकूम कायम केला. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले, टिळकांच्या बाजूने बॅरिस्टर जीना उभे राहिले, आणि ९ नोव्हेंबर १९१६ रोजी न्यायमूर्ती बॅचलर व न्यायमूर्ती शहा यांनी तो हुकूम रद्द केला.

निकालाचे कारण काय? न्यायमूर्तींना भाषणांतील प्रत्येक वाक्य पसंत होते असे नाही. काही वाक्ये त्यांना आक्षेपार्ह वाटली. परंतु त्यांनी सांगितले की भाषण सबंध वाचले पाहिजे, निकोप आणि उदार मनाने वाचले पाहिजे. त्यातला एक तुकडा उचलून त्यावर साऱ्या भाषणाचा न्याय करता येत नाही. परकीय राज्यात, महायुद्ध चालू असताना, एका इंग्रज न्यायाधीशाने घालून दिलेला हा दंडक आहे. आज कोणाचे तासाभराचे बोलणे अर्ध्या मिनिटाच्या चित्रफितीत कापले जाते आणि संध्याकाळच्या आत पोलीस ठाण्यात तक्रार दाखल होते, तेव्हा आपण १९१६ च्याही मागे चाललो आहोत काय, असा प्रश्न स्वतःला विचारण्यासारखा आहे.

हा झाला पहिला दंडक : बोलणे सबंध ऐका. दुसरा दंडक नागपूरने दिला. स्वातंत्र्य उंबरठ्यावर येऊन ठेपले असताना नागपूर उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांच्यापुढे असा प्रश्न आला की, लिखाणाचा परिणाम मोजायचा तो कोणाच्या मनावर? त्यांनी उत्तर दिले की, विवेकी, कणखर आणि धीराच्या माणसाच्या मनावर. जो प्रत्येक विरुद्ध मतात धोका पाहतो अशा दुबळ्या, चंचल मनाच्या माणसावर नव्हे. हा दंडक किती मोलाचा आहे पाहा. दोरीला साप समजून ओरडणाऱ्या माणसाच्या साक्षीवर जर कायदा चालू लागला, तर गावातली प्रत्येक दोरी जप्त करावी लागेल.

हा दंडक जुन्या ग्रंथांत पडून राहिलेला नाही. ७ मार्च २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तोच पुन्हा उचलून धरला, आणि प्रकरण आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातले होते. एका महाविद्यालयातल्या प्राध्यापकाने आपल्या व्हॉट्सॲपवर दोन मजकूर ठेवले होते. एकात अनुच्छेद ३७० रद्द केल्याचा दिवस काळा दिवस म्हटला होता, दुसऱ्यात पाकिस्तानच्या स्वातंत्र्यदिनाच्या शुभेच्छा होत्या. समाजगटांत वैर पसरवल्याचा गुन्हा त्याच्यावर नोंदला गेला. उच्च न्यायालयाने तो रद्द करण्यास नकार दिला. सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती अभय ओक आणि न्यायमूर्ती उज्जल भुयान यांनी तो रद्द केला. सरकारच्या निर्णयावर टीका करण्याचा हक्क प्रत्येक नागरिकाला आहे, असे तर त्यांनी सांगितलेच. पण भाषणस्वातंत्र्य म्हणजे काय आणि त्याच्या मर्यादा कोणत्या, हे आपल्या पोलीस यंत्रणेला शिकवण्याची वेळ आली आहे, असेही बजावले.

आपल्यापैकी कोणी म्हणेल की मला तो मजकूर आवडला नसता. मलाही आवडला असता असे नाही. पण मतस्वातंत्र्याची कसोटी आपल्याला आवडणाऱ्या मतांवर लागतच नाही. आवडणाऱ्या मताला संरक्षणाची गरज काय? गोड बोलणाऱ्याला कोणत्या राज्यात तुरुंग दाखवला आहे? कडू बोलणाऱ्याला जागा आहे की नाही, यावरूनच राज्य ओळखायचे असते.

२०२५ च्या मे महिन्यात पुण्यातल्याच एका अभियांत्रिकीच्या विद्यार्थिनीला समाजमाध्यमावरील मजकुरावरून अटक झाली. मजकूर तिने काढून टाकला होता आणि क्षमाही मागितली होती. तरी परीक्षेच्या दिवसांत ती कोठडीत होती, आणि महाविद्यालयाने तिला काढूनही टाकले होते. मुंबई उच्च न्यायालयाने सरकारला खडसावून तिची तत्काळ सुटका केली आणि तिला परीक्षेस बसता यावे म्हणून तो काढून टाकण्याचा हुकूम स्थगित केला. न्याय झाला खरा. परंतु मधल्या दिवसांचे काय? मतस्वातंत्र्याच्या बाबतीत पुष्कळदा शिक्षा आधी भोगून होते आणि निर्दोषत्व मागाहून घरी येते.

आता निषेधाच्या हक्काकडे येऊ. येथून पश्चिमेला, डोंगर ओलांडून गेले की मुळशी लागते. टाटांच्या कंपनीने निळा आणि मुळा नद्यांच्या संगमावर धरण घालून मुंबईसाठी वीज करायचे ठरवले. मावळ्यांची भातखाचरे आणि गावे बुडणार होती. १६ एप्रिल १९२१, रामनवमीच्या दिवशी, शेकडो मावळे धरणाच्या कामावर जाऊन बसले. विनायकराव भुस्कुटे आणि पांडुरंग महादेव बापट हे त्यांचे पुढारी. याच सत्याग्रहाने बापटांना ‘सेनापती’ ही पदवी दिली. पुष्कळ जमिनी पुण्याच्या सावकारांच्या नावे होत्या. त्यांतल्या अनेकांना नुकसानभरपाई पसंत पडली. कसणाऱ्याच्या हाती मात्र काहीच राहत नव्हते. शहराला वीज हवी होती, सावकाराला रोख हवी होती, आणि मावळ्याची बाजू ऐकायला त्याच्या स्वतःच्या देहाशिवाय दुसरे साधन नव्हते. तो सत्याग्रह हरला. धरण झाले, गावे बुडाली.

मग त्याचा उपयोग काय झाला? हा प्रश्न व्यवहारी माणूस नेहमी विचारतो, आणि तो विचारावाही. उपयोग असा की, विकासासाठी ज्याचे घर जाते त्याचेही काही म्हणणे असते, ही गोष्ट मुळशीने प्रथम देशापुढे मांडली. महाराष्ट्रात प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा व्हायला १९७६ साल उजाडले. मधल्या पंचावन्न वर्षांत किती गावे बुडाली! निषेध ऐकला नाही म्हणजे तो खोटा ठरत नाही; त्याची किंमत पुढच्या पिढीला व्याजासकट मोजावी लागते. आणि ज्या राज्यात आपण राहतो ते राज्य तरी कसे झाले? १९५५ च्या नोव्हेंबरपासून मुंबईच्या रस्त्यांवर मोर्चे निघाले, गोळीबार झाले, शंभरावर माणसे हुतात्मा झाली, तेव्हा १ मे १९६० चा दिवस उगवला. मोर्चाच्या पोटी जन्मलेल्या राज्याने मोर्चाकडे वाकड्या नजरेने पाहावे, हे शोभण्यासारखे नाही.

येथे एक गंभीर आक्षेप येतो, आणि तो सामान्य माणसाचा नाही. तो प्रत्यक्ष डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा आहे. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटनासमितीत त्यांनी सांगितले की, घटनात्मक मार्ग उपलब्ध असताना असहकार, कायदेभंग आणि सत्याग्रह हे मार्ग सोडून दिले पाहिजेत. कारण ते अराजकाकडे नेतात. मोर्चाविरुद्ध बोलणारे पुष्कळदा या भाषणाचा आधार घेतात. तेव्हा बाबासाहेबांच्या शब्दांचा अर्थ त्यांच्याच कृतीवरून लावून पाहू.

२० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेब हजारो लोकांसह चालत गेले आणि पाणी प्याले. त्यांनी कोणता कायदा मोडला? एकही नाही. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत असा बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात १९२३ सालीच झाला होता, आणि महाड नगरपालिकेने १९२४ साली त्याला अनुसरून तळे खुले केले होते. हक्क कागदावर होता. तो पायांनी चालून बजावायचा राहिला होता. पुढे त्याच वर्षाच्या डिसेंबरात पुन्हा तळ्यावर जायचे ठरले, तेव्हा विरोधकांनी दिवाणी न्यायालयातून तात्पुरता मनाई हुकूम आणला. परिषदेस जमलेले लोक तुरुंगात जायला तयार होते. बाबासाहेबांनी पाणी घेणे तहकूब केले, तळ्याभोवतून शिस्तीने मिरवणूक काढली, आणि दावा लढवला. १९३७ साली उच्च न्यायालयात तो जिंकला. दहा वर्षे लागली!

यावरून काय दिसते? बाबासाहेबांचा विरोध न्याय मिळण्याचे दार उघडे असताना ते लाथेने मोडण्याला होता. मिरवणुकीला त्यांचा विरोध नव्हता. ज्या दिवशी मनाई हुकूम पाळला त्याच दिवशी त्यांनी मिरवणूक काढली. आणि ज्या घटनेसंबंधी ते १९४९ साली बोलत होते, तिच्यातच शांततेने जमण्याचा हक्क लिहिलेला आहे. म्हणजे शांत मोर्चा हा घटनात्मक मार्गांपैकीच एक मार्ग झाला. मात्र या आक्षेपातला दुसरा अर्धा भागही आपण विसरता कामा नये. दगड उचलला, बस जाळली, की तो मोर्चा घटनेच्या छत्राखालून बाहेर पडला. ‘विनाशस्त्र’ आणि ‘शांततेने’ हे दोन शब्द शोभेसाठी घातलेले नाहीत.

कायद्याची आजची स्थिती थोडक्यात सांगतो, कारण ती प्रत्येक नागरिकाला ठाऊक असावी. महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ चा आहे. त्याच्या सदतिसाव्या कलमाखाली जमाव आणि मिरवणुकांना मनाई करता येते. पण राज्य शासनाच्या मंजुरीवाचून ती पंधरा दिवसांपलीकडे चालत नाही. जुन्या १४४ कलमाच्या जागी १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे १६३ कलम आले. त्या कलमाच्या जुन्या रूपाविषयी सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये सांगितले की, मतप्रदर्शन दडपण्यासाठी ते वापरता येणार नाही, हुकूम प्रसिद्ध केला पाहिजे आणि त्यात कारणे दिली पाहिजेत. अहमदाबादच्या एका प्रकरणात त्याच न्यायालयाने अर्धशतकापूर्वी ठरवून ठेवले आहे की, रस्त्यावरील सभेचे नियमन पोलीस करू शकतात, परंतु सार्वजनिक रस्त्यावर सभाच नको, असे म्हणू शकत नाहीत.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. ऑक्टोबर २०२० मध्ये दिल्लीच्या शाहीन बागेच्या प्रकरणी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, सार्वजनिक रस्ता बेमुदत अडवून ठेवता येणार नाही. मला यात अन्याय दिसत नाही. रुग्णवाहिकेतला रोगी हाही नागरिकच असतो. सिंहगड रस्त्यावरून रोज ये-जा करणाऱ्यांना हे निराळे समजावून सांगायला नको! पण याचा अर्थ मैदानही देऊ नये असा होत नाही. बीड जिल्ह्यातील माजलगावला नागरिकत्व सुधारणा कायद्याविरुद्ध काही लोकांना मैदानावर शांतपणे बसायचे होते. जमावबंदीचा हुकूम पुढे करून परवानगी नाकारली गेली. फेब्रुवारी २०२० मध्ये औरंगाबाद खंडपीठाने तो हुकूम रद्द केला, आणि सांगितले की एका कायद्याला विरोध करतात एवढ्यावरून कोणाला देशद्रोही म्हणता येणार नाही.

राजद्रोहाच्या कलमाचे काय झाले? १९६२ साली सर्वोच्च न्यायालयाने त्याला हिंसेच्या चिथावणीपुरते मर्यादित केले, ११ मे २०२२ रोजी त्याचा वापर स्थगित ठेवला, आणि नव्या न्यायसंहितेत ‘राजद्रोह’ हा शब्द गेला. मात्र १५२ कलम आले, त्यात जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे, आणि त्याचे शब्दही ऐसपैस आहेत. आपल्या विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी जुलै २०२५ मध्ये महाराष्ट्र विशेष जनसुरक्षा विधेयक संमत केले. त्यावर संयुक्त समितीकडे बारा हजारांहून अधिक सूचना आल्या, आणि काही बदलही झाले. सशस्त्र संघटनांचा बंदोबस्त करावा, याविषयी दुमत असण्याचे कारण नाही. पण मूळ मसुद्यात बेकायदेशीर कृत्यांच्या व्याख्येत कायद्याची अवज्ञा करण्यास उत्तेजन देणे किंवा तिचा उपदेश करणे यासारखे शब्द घातले होते. बंदूक आणि उपदेश यांना एका पंक्तीला बसवले, तर मुळशीचे मावळे कोणत्या पाटावर बसणार? कायदा करणाऱ्यांचा हेतू चांगला असेलही. परंतु कायदा त्यांच्यामागे राहतो, आणि तो उद्या कोणाच्या हाती जाईल हे कोणालाच सांगता येत नाही. म्हणून कायद्याचे शब्द वाचताना आपल्या आवडत्या मंत्र्याच्या हाती नव्हे, तर नावडत्या मंत्र्याच्या हाती तो आहे अशी कल्पना करून वाचावेत.

आणीबाणीने हा धडा चांगलाच शिकवला. ऑक्टोबर १९७५ मध्ये मुंबईच्या वकिलांना एका सभागृहात, निमंत्रितांपुरती सभा घ्यायची होती. विषय, नागरी स्वातंत्र्य आणि कायद्याचे राज्य. पोलिसांनी परवानगी नाकारली. चार भिंतींच्या आत वकिलांनी कायद्यावर बोलणेही धोक्याचे ठरले! न्यायमूर्ती तुळजापूरकर यांच्यासमोर प्रकरण आले, आणि उच्च न्यायालयाने ती बंदी रद्द केली. पुढे १९७६ साली मिनू मसानी यांच्या ‘फ्रीडम फर्स्ट’ मासिकाच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने सेन्सॉरला बजावले की, सर्व वृत्तपत्रांना एकाच सुरात बोलायला लावणे हे त्याचे काम नव्हे. १९७५ च्या डिसेंबरात कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात दुर्गाबाई भागवत अध्यक्ष होत्या, यशवंतराव चव्हाण स्वागताध्यक्ष. दुर्गाबाईंनी भर सभेत सर्वांना उभे करून आजारी जयप्रकाशांसाठी प्रार्थना केली. कोणाला शिवी नाही, कशाची तोडफोड नाही. पुढच्या वर्षी त्यांना अटक झाली. निषेधाला आवाज किती लागतो, याचे हे उत्तर आहे : मिनिटभराची शांतताही पुरते, ती कोणासमोर पाळली हे महत्त्वाचे.

आतापर्यंत मी सरकारविषयी बोललो, आणि आपण सर्वांनी ते आनंदाने ऐकले. सरकारला नावे ठेवणे श्रोत्यांना नेहमीच गोड लागते. आता थोडे आपल्याविषयी. १८९५ साली काँग्रेस पुण्याला भरली. दरवर्षीच्या रिवाजाप्रमाणे त्याच मंडपात सामाजिक परिषद व्हायची होती, तिचे सूत्रधार रानडे. पुण्यातल्या टिळकपक्षाने विरोध केला, मंडप जाळून टाकण्याची भाषा झाली. रानड्यांनी वाद वाढू दिला नाही. परिषद फर्ग्युसन कॉलेजच्या आवारात नेली. ज्या गावाला त्यांनी व्याख्यान ऐकण्याची सवय लावली, त्याच गावाने वीस वर्षांनी त्यांना बोलण्यासाठी दुसरा मंडप शोधायला लावला! आगरकरांची तर जिवंतपणी प्रेतयात्रा निघाली. ५ जानेवारी २००४ रोजी एका पुस्तकावरून जमावाने भांडारकर संस्थेत घुसून पोथ्या-पुस्तकांचा नाश केला. त्या पुस्तकावर सरकारने घातलेली बंदी सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली टिकू दिली नाही, पण फाटलेली पोथी कोणते न्यायालय परत देणार? आणि २० ऑगस्ट २०१३ रोजी सकाळी, पुण्याच्या पुलावर, डॉ. नरेंद्र दाभोलकरांना गोळ्या घालण्यात आल्या. सरकार तोंड बंद करते ते हुकुमाने. जमाव आणि मारेकरी करतात ते कायमचे.

अशा वेळी पोलीस म्हणतात, ‘गडबड होईल, तुम्ही सभाच घेऊ नका.’ १८८२ साली इंग्लंडात मुक्तिफौजेची मिरवणूक एक विरोधी टोळी उधळून लावी, आणि शिक्षा झाली मिरवणूकवाल्यांना. वरच्या न्यायालयाने ती रद्द केली : कायदेशीर काम करणाऱ्याला, दुसरा गैरवागेल म्हणून, गुन्हेगार ठरवता येत नाही. आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही १९८९ साली एका चित्रपटाच्या प्रकरणात हेच सांगितले. दंग्याच्या धमकीपुढे राज्याने हात टेकले तर ते कायद्याच्या राज्याचा त्याग करण्यासारखे आहे. पोलिसांनी वक्त्यावर नव्हे, दगड घेऊन आलेल्यावर हात टाकावा, हा तिसरा दंडक.

मग आपण करावे काय? मी मोठमोठ्या गोष्टी सांगत नाही. २०१७ साली धायरीचा उरलेला भागही पुणे महापालिकेत आला. तेव्हा पाणी, रस्ते, कचरा यांसाठी महापालिकेच्या दारात उभे राहण्याचे प्रसंग आपल्याला येणारच. त्या वेळी परवानगीचा अर्ज लेखी द्यावा, पोच घ्यावी. नकार मिळाला तर तो तोंडी घेऊ नये. लेखी आणि कारणांसह मागावा. कारण नसलेला नकार न्यायालयात टिकणे कठीण असते, आणि तोंडी नकाराला तर आव्हान देणेच अवघड. मोर्चात स्वयंसेवक नेमावेत, रुग्णवाहिकेला वाट ठेवावी, आणि दगड उचलणारा हात आपल्याच माणसाचा असला तरी तो आपण धरावा. हे पहिले.

दुसरे, आपल्या विरोधकाला परवानगी नाकारली गेली, तर त्याच्या बाजूने एक पत्र तरी लिहावे. हे अधिक कठीण आहे. आपला तो मोर्चा आणि दुसऱ्याचा तो गोंधळ, ही आपली रोजची भाषा आहे. परंतु त्याच्यावर वापरलेले कलम पुस्तकातून नाहीसे होत नाही. ते पुढच्या वर्षी आपल्यासाठी उघडले जाते. १८९५ चे टिळक आणि १९१६ चे टिळक हे एकच गृहस्थ होते. रानड्यांना मंडप मिळू नये अशा पक्षाचे जे पुढारी होते, त्यांनाच दोन दशकांनी बोलण्याच्या हक्कासाठी उच्च न्यायालयात जावे लागले. यात टिळकांचा उणेपणा काढण्याचा हेतू नाही. एवढ्या मोठ्या माणसालाही जे कठीण गेले ते आपल्याला सोपे जाणार नाही, एवढेच सांगायचे आहे.

तिसरे, ऐकण्याचे. बोलण्याच्या हक्काचा अर्धा भाग ऐकणाऱ्याच्या हाती असतो. कान बंद केलेल्या गावात भाषणस्वातंत्र्य असून नसून सारखेच. आपण येथे दर वर्षी येता, न पटणारेही शेवटपर्यंत ऐकता, आणि मग प्रश्न विचारता. घटनेचे एकोणिसावे कलम दिल्लीत लिहिले गेले खरे, पण ते जिवंत राहते ते अशा पटांगणांत. माझ्या बोलण्यात न पटण्यासारखे पुष्कळ असेल. अध्यक्षांच्या परवानगीने ते आपण आताच उभे राहून सांगावे, अशी विनंती करतो.